वारसाने आलेली ०.३१५ रायफल, दहा वर्षं चामड्याच्या कव्हरात: गंज कसा काढायचा?

कोथरूडची_नात

नमस्कार. आजोबांची ईशापूर कारखान्याची ०.३१५ बोअरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे. ते गेल्यावर ती नियमाप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होती. आता परवाना माझ्या नावावर झालाय आणि रायफल घरी आली आहे. जमा केली तेव्हा चामड्याच्या कव्हरात होती, दहा वर्षं तशीच राहिली.

सध्याची अवस्था अशी:

नळीच्या तोंडापासून साधारण १५ सेंमीपर्यंत लाल-तपकिरी गंज, हाताला खरखरीत लागतो. बाकी नळीवर विखुरलेले ठिपके. पुढच्या लाकडाच्या कडेला, नळी लाकडात शिरते तिथे, गंजाची सलग रेघ. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) मागे येतो पण अडखळत. नळीतून उजेडाकडे पाहिलं तर आत काळपट दिसतं, खाचा नीट दिसत नाहीत. दस्त्याच्या मागच्या पत्र्याचे दोन्ही स्क्रू हलत नाहीत. दस्त्याची मूठ तेलाने काळी पडली आहे आणि एक बारीक चीर आहे. रिसीव्हरवरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावरच्या) नंबराचे शेवटचे दोन आकडे गंजाखाली गेलेत. कव्हराच्या खिशात ११ जुनी काडतुसं सापडली, पितळ हिरवं पडलेलं.

मला ती नवी कोरी दिसायला नकोय. गंज थांबावा, पुढे वाढू नये, आणि जमलं तर वापरता यावी. घरी काय करता येईल आणि कुठे हात लावू नये? ओळखीतल्या एकांनी व्हिनेगरमध्ये बुडवायला सांगितलंय.

लेथवाला

ताई, व्हिनेगर नको. लिंबू, चिंच, कोला, फॉस्फोरिक अ‍ॅसिडवाली गंजनाशकं, तांब्या-पितळेची भांडी उजळायची पावडर, यातलं काहीच नको. नळीवरचा तो निळसर काळा थर म्हणजे रंग नव्हे. तोही लोखंडाचा ऑक्साइडच आहे, मॅग्नेटाइट नावाचा. लाल गंज आणि हा काळा थर ही एकाच घरातली दोन भावंडं. आम्लाला त्यांच्यातला फरक कळत नाही, ते दोन्ही खातं. अर्ध्या तासाने नळी बाहेर काढाल तेव्हा गंज गेलेला असेल, सोबत सगळा काळेपणाही, आणि उघडं पडलेलं राखाडी पोलाद पुण्याच्या जुलैत रात्रीत पुन्हा लाल होईल. ‘आम्ल नसलेली’ म्हणून मिळणारी रस्ट रिमूव्हरची द्रावणं पोलादाला धक्का लावत नाहीत हे खरं, पण काळा थर तीही काढतात.

म्हणून पहिला टप्पा फक्त तेल आणि घासणं.

आधी मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) बोट घालून खात्री करा. मग नळीत मागून उजेड टाकून बघा, ती आरपार मोकळी आहे का. वर्षानुवर्षं पडून असलेल्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असणं अजिबात दुर्मीळ नाही.

त्यानंतर लाकूड उतरवायचं. इथे एक धोका आहे. ईशापूरची ०.३१५ ही ली-एनफिल्डच्या सांगाड्यावर बेतलेली आहे. त्या जातीत मागचा दस्ता एका लांब, आट्यांच्या बोल्टने (हा तो सरकता बोल्ट नव्हे) रिसीव्हरला धरलेला असतो आणि जुन्या रचनेत त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकतं. पुढचं लाकूड जागेवर असताना कुणी मागचा बोल्ट फिरवला, तर ते टोक फिरतं आणि पुढच्या लाकडाला मागून चीर पाडतं. त्यामुळे आधी पुढचं लाकूड सुटं करा. मागच्या दस्त्याला हात लावायची तुमच्या कामात गरजच दिसत नाही, तो राहू द्या.

स्क्रूसाठी: अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल (एटीएफ) समान भाग मिसळा, ड्रॉपरने प्रत्येक स्क्रूच्या कडेला दोन-तीन थेंब, २४ तास थांबा, पुन्हा थेंब. हे मिश्रण स्थिर राहत नाही, दर वेळी बाटली हलवून घ्या, आणि लाकडाच्या पॉलिशवर सांडू देऊ नका, अ‍ॅसिटोन ते ओढून काढतं. तरीही हलला नाही तर सोल्डरिंग गनचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन मिनिटं धरा आणि गार होऊ द्या. तापून फुगणं आणि गार होऊन आक्रसणं, यानेच गंजाची पकड सुटते. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण रुंदीने आणि तळापर्यंत बसलं पाहिजे. घरातला निमुळत्या पात्याचा स्क्रू ड्रायव्हर खाचेच्या वरच्या कडेवरच जोर देतो आणि ती कड तुटते. गरज पडली तर रुंद ड्रायव्हर विकत घेऊन कानशीने खाचेच्या मापाला समांतर करा.

आता घासणं. सगळ्या गंजलेल्या भागावर पातळ तेल पसरा आणि किमान १२ तास मुरू द्या. शिलाई मशीनचं तेल चालतं, डब्ल्यूडी-४० सुद्धा चालतं. खरखरीत, उंच आलेल्या गंजावर आधी तांब्याची धार वापरा. एसीच्या तांब्याच्या नळीचा ६ इंची तुकडा घ्या, टोक हातोडीने चपटं करा, कानशीने सरळ धार करा. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंजाचा पोपडा निघतो आणि खालच्या काळ्या थरावर ओरखडा उठत नाही. जवळजवळ आडवी धरून ढकलायची. उभी खुपसायची नाही.

राहिलेल्या गंजासाठी ०००० नंबरचं स्टील वूल, तेलात भिजवून. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत नंबर सांगून मागा. स्वयंपाकघरातली तारेची घासणी म्हणजे हे नव्हे, ती स्टेनलेसची असते आणि काळा थर खरवडून टाकते. पहिली चाचणी लाकडाखाली लपणाऱ्या भागावर करा: २० हात फिरवून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं तपकिरी आलं तर गंज निघतोय. काळं येऊ लागलं आणि खाली चकाकी दिसली तर जोर जास्त होतोय. वूलचा बोळा दर दोन-तीन मिनिटांनी बदला. निघालेला गंज स्वतः पॉलिश पावडरीसारखा घासतो, जुना बोळा वापरत राहिलात तर गंजच तुमचा काळा थर खाईल. लोकांची चूक बहुतेक इथेच होते, चार रुपयांचा बोळा वाचवायला जातात.

नंबराच्या जागेवर मात्र वूलसुद्धा लावू नका, त्याबद्दल खाली कुणीतरी सांगेलच.

परवाना_मित्र

तेच सांगायला आलो. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ८: शस्त्रावरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. सँडपेपर किंवा बफिंगने नंबर पुसट झाला तर तो गंजामुळे गेला की हाताने, हे सिद्ध करत बसावं लागेल. काम सुरू करण्याआधी रिसीव्हर, नळी आणि बोल्ट यांवरच्या प्रत्येक खुणेचे फोटो काढून ठेवा, बाजूला मोजपट्टी ठेवून.

कलम ५ प्रमाणे शस्त्रांची दुरुस्ती आणि चाचणी हा धंदा म्हणून करायला वेगळा परवाना लागतो. स्वतःच्या परवान्यावरच्या शस्त्राची साफसफाई तुम्ही करू शकता. पण भाग बदलणं, नळीचं तोंड पुन्हा कापणं, बोल्ट जुळवणं हे परवानाधारक गनस्मिथकडेच. ओळखीच्या लेथवर नळी नेऊ नका, लेथवाले राग मानणार नाहीत. नेताना परवाना सोबत, रायफल रिकामी आणि बंद पेटीत.

ती ११ काडतुसं: तुमच्या परवान्यात ती नोंदलेली आहेत का ते पाहा. नसतील तर घरात ठेवायची नाहीत, रायफल जिथे जमा होती त्या विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून द्या. घासू नका, गोळी ओढून काढायचा प्रयत्न करू नका, आणि वापरून तर मुळीच बघू नका.

हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: परवानाधारक वारला की घरच्यांचा ताबा आपोआप कायदेशीर होत नाही. कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र जमा करायचं. मग शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम २५ खाली वारसाने अर्ज करायचा. त्याच नियमात दुसरी सोय आहे: परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल, तेव्हा तो हयातीतच वारसाच्या नावे करू शकतो. पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून वेगळं आयुक्तालय आहे, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं, वारसाने आलेली धरून.

चिंदी_चार_बाय_दोन

नळीच्या आतलं मी सांगतो, कारण बाहेरून कितीही देखणी केली तरी रायफल म्हणजे नळीचं आतलं पोट.

साहित्य: एका तुकड्याचा, प्लास्टिकचा थर असलेला पोलादी गज, ८ मिमीचे दोन फॉस्फर ब्राँझ ब्रश, फ्लॅनेलच्या चिंद्या. एनसीसीत ज्यांनी ०.३०३ रायफल साफ केली असेल त्यांना माप पाठ असेल: सफाईची चिंदी ४ बाय २ इंच, तेलाची ४ बाय दीड. इथेही तेच माप धरा, चिंदी जोर लावूनच पुढे सरकली पाहिजे, पण अडकता कामा नये. घट्ट वाटली तर अर्धा सेंमी कापा. गंजलेल्या नळीत पुलथ्रू (चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी) पहिल्या दिवशी वापरू नका. चिंदी मध्ये अडकली आणि दोरी तुटली तर काम तुमच्या हातातून गेलं. शिवाय दोरी तिरकी ओढली तर ती नळीच्या तोंडाची कड झिजवते, आणि गोळी शेवटची ज्या कडेला सोडते ती कड वाकडी झिजली की नेम कायमचा जातो.

बोल्ट काढून मागून, म्हणजे चेंबरकडून काम करायचं. नळी किंचित तोंडाकडे उतरती ठेवा, म्हणजे घाण चापाच्या यंत्रणेत ओघळत नाही.

पहिल्या रात्री पेनिट्रेटिंग तेलाने चिंब चिंदी तीन-चार वेळा फिरवा आणि १२ तास राहू द्या. सकाळी कोरी चिंदी. ती लाल चिखल घेऊन येईल. मग ब्रश तेलात बुडवून २० वेळा आरपार. आरपार म्हणजे ब्रश तोंडातून पूर्ण बाहेर आल्यावरच मागे ओढायचा. मध्येच दिशा बदललीत तर केस उलटे वळतात, ब्रश अडकतो आणि मोडतो. २० झाले की दोन ओल्या चिंद्या, दोन कोऱ्या, पुन्हा ब्रश. एका दिवसात तीन फेऱ्या पुरे, मग पुन्हा तेल घालून रात्रभर. असे तीन-चार दिवस लागतील. घाई करून स्टेनलेसचा ब्रश आणू नका, तो रायफलिंगच्या (नळीतल्या वळणदार खाचांच्या) कडा कायमच्या मारतो. इंजिनचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तर नळीजवळ आणूही नका.

चिंदीचा रंग वाचायला शिका. लाल-तपकिरी म्हणजे गंज. काळा-राखाडी म्हणजे जुन्या दारूची काजळी. निळा-हिरवा म्हणजे गोळीच्या वेष्टनातलं तांबं. तांब्याचा थर जाड असेल तर त्याच्याखाली गंज दबलेला असतो, म्हणून एकदा अमोनियावालं तांबं काढायचं सॉल्व्हंट फिरवा, पण १५ मिनिटांच्या वर ठेवू नका आणि नंतर तेलाने धुऊन काढा. अमोनिया नळीत विसरलात तर तो स्वतः पोलाद खातो. ब्राँझचा ब्रशही त्यात निळा रंग सोडतो, तेव्हा त्या फेरीला नायलॉनचा ब्रश, नाहीतर नळीत तांबं संपतच नाही असं वाटत राहील.

आता मूळ कारण. एवढा गंज नुसत्या दमट हवेने येतो, पण बऱ्याचदा आत मीठ असतं. जुन्या लष्करी पद्धतीच्या काडतुसांच्या टोपीत (पिन आदळली की पेट घेणाऱ्या मागच्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. हवेतलं पाणी ओढून घेतो. तेलात विरघळत नाही, त्यामुळे तेलाने कितीही पुसलं तरी तो तेलाखाली बसून काम करत राहतो. त्याला एकच औषध, पाणी. गंज बऱ्यापैकी निघाल्यावर चेंबरमध्ये फनेलची नळी बसवून दोन लिटर उकळतं पाणी आरपार ओता. नळी हाताला सोसवणार नाही इतकी तापली की उरलेलं पाणी आपोआप उडून जातं. लगेच दोन कोऱ्या चिंद्या, आणि गरम असतानाच तेलाची चिंदी.

कोथरूडची_नात

खूप आभार सगळ्यांचे. आठ दिवस काम केलं. लाकडाखाली बरंच बरं निघालं, स्क्रू सुटले. अडचणी तीन. एक, तोंडाजवळच्या १५ सेंमीत वरचा पोपडा गेला पण लाल झाक आत रुतल्यासारखी आहे, वूलने हलत नाही. दोन, नळीत चिंद्या आता राखाडी येतात, पण उजेडात अजून गडद ठिपके दिसतात, चेंबरच्या पुढे जास्त. तीन, बोल्ट अजून जड आहे. सोडाखार आणि बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिस करावं का?

विश्रांतवाडी_वर्कशॉप

इलेक्ट्रोलिसिस गंजावर उत्तम चालतं. एक लिटर पाण्याला १५ ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्ट, वस्तू ऋण टोकाला, धन टोकाला साधं भंगार लोखंड. धन टोकाला स्टेनलेस कधीही नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, तेव्हा उघड्यावर. सुट्या छोट्या भागांसाठी तासाभरात काम होतं.

लेथवाला

रसायन बरोबर सांगितलंत, पण या कामाला नाही. ऋण टोकावर लाल गंजासोबत काळा थरही जातो, म्हणजे व्हिनेगरचीच गोष्ट. आणि तो हायड्रोजन कडक केलेल्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढणारा आकडा), बोल्ट, फायरिंग पिन (टोपीवर आदळणारी पिन) हे सगळे कडक केलेले भाग. दस्त्याच्या मागच्या पत्र्याला हवं तर लावा, बाकी कशाला नको.

ताई, तुमच्या रुतलेल्या लाल झाकेवर उपाय उकळणं. तो काढू नका, त्याचा काळा करा. लाल गंज उकळत्या पाण्यात राहिला की मॅग्नेटाइटमध्ये बदलतो, म्हणजे कारखान्याने दिलेल्या थराच्याच जातीचा होतो, आणि मूळ थराला काही होत नाही. जुन्या पद्धतीचं रस्ट ब्ल्यूइंग याच तत्त्वावर चालतं, तिथे गंज मुद्दाम चढवतात, तुमच्याकडे तो आयता आहे.

काळ्या पत्र्याची चार फुटी पन्हळ करून घ्या, १५ सेंमी रुंद, १२ सेंमी खोल, दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद. गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, जस्त पाण्यात उतरून सगळं बिघडवतं. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीत घालायचं, ५ लिटरचे तीन कॅन. बोअरवेलचं पाणी वापरलंत तर क्षाराचे पांढरे डाग पक्के बसतात. नळी आणि रिसीव्हर यांवर तेलाचा अंश नको: अ‍ॅसिटोनने दोनदा पुसा, नंतर उघड्या बोटांनी स्पर्श नाही, रबरी हातमोजे घाला. आगीजवळ अ‍ॅसिटोन नको, आधी पुसणं पूर्ण करा, बाटली बाहेर ठेवा, मग शेगडी पेटवा. दोन बर्नरवर पन्हळ ठेवून पाणी खळखळ उकळलं की तारेच्या आकड्यांवर नळी आडवी सोडा, तळाला टेकता कामा नये. २० ते ३० मिनिटं.

बाहेर काढल्यावर लाल भाग मखमली काळा दिसेल. ती मखमल सैल असते. तेल काढलेल्या ०००० वूलने (अ‍ॅसिटोनमध्ये धुऊन वाळवलेलं) हलक्या हाताने पुसून घ्या. खाली घट्ट काळा थर राहतो. कुठे लाल शिल्लक दिसलं तर पुन्हा उकळा. दोन-तीन फेऱ्यांत पुरतं. शेवटच्या फेरीनंतर नळी कोमट असतानाच तेल, आणि रात्रभर तसंच. नळीच्या आतही हाच बदल होतो, तेव्हा दुहेरी फायदा.

ज्यांच्याकडे दुनळी बारा बोअरची बंदूक आहे त्यांच्यासाठी सावधानता: उकळतं पाणी चालेल, शिशाचं झाळकाम १८३ अंशांच्या आसपास वितळतं. पण गनस्मिथ कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत ब्ल्यूइंग करतो म्हणाला तर नकार द्या. कॉस्टिक झाळकाम खातं आणि दोन नळ्यांमधली पट्टी सुटते.

बोल्टचं: ली-एनफिल्डची फायरिंग पिन काढायला खास हत्यार लागतं, पकडीने प्रयत्न करू नका. बोल्ट उभ्या बरणीत टर्पेंटाइन तीन भाग आणि तेल एक भाग यात २४ तास बुडवा, अधूनमधून हलवा. आत साठून चिकट झालेलं जुनं तेल आणि गंज एकत्र येऊन लापशी होते, अडखळणं बऱ्याचदा तिचंच असतं. बोल्टचं पुढचं डोकं आट्यांचं असतं, ते त्याच रायफलचं त्याच रायफलला. दुसरीकडचं आणून बसवायचं नाही.

चिंदी_चार_बाय_दोन

नळीतल्या गडद ठिपक्यांबद्दल. ब्रशची चार दिवसांची मेहनत झाल्यावर जे उरतं ते बहुधा गंज नसून गंजाने पाडलेले खड्डे असतात. तिथलं पोलाद गेलंय, ते परत येणार नाही, आणि खड्डा नाहीसा होईपर्यंत घासायचं म्हणजे नळीच मोठी करायची. ओळखायचं असं: घट्ट कोरी चिंदी सावकाश ढकला. एकसारख्या जोराने सरकली तर खड्डे उथळ. ठरावीक जागी कापड अडून दोरे सुटत असतील तर कडा धारदार आहेत. आणि एखाद्या जागी चिंदी एकदम सैल होऊन पुन्हा घट्ट होत असेल, तर तिथे नळी फुगलेली असू शकते. तसं वाटलं तर काम थांबवा आणि थेट गनस्मिथकडे.

नळीच्या मधल्या उथळ खड्ड्यांनी नेम थोडा बिघडतो, सफाई दुप्पट वेळा लागते, एवढंच. चेंबरमधले खड्डे वेगळी गोष्ट. बार झाला की पितळ फुगून त्या खड्ड्यांत रुततं आणि रिकामं काडतूस बाहेर येत नाही.

सुतारपक्षी

लाकडाकडे कुणी वळलं नाही म्हणून.

सँडपेपर नको, लाकडावरही खुणा असतात. मूठ काळी पडली ती तेल उतरल्यामुळे. रायफल तोंड वर करून उभी ठेवली की नळीतलं आणि बोल्टमधलं जास्तीचं तेल वर्षानुवर्षं मुठीत झिरपतं आणि लाकूड स्पंजासारखं मऊ होतं. रंगाच्या दुकानात व्हाइटिंग पावडर मिळते, ती अ‍ॅसिटोनमध्ये कालवून दाट लेप द्या, वाळला की पिवळा पडून पोपडा निघतो. चार-पाच लेप लागतील. चिरेत लेप जाऊ देऊ नका.

तेल निघाल्यावरच चीर चिकटवा, तेलकट लाकडावर काहीच धरत नाही. हळू वाळणारं, २४ तासांचं अरल्डाइट घ्या, पाच मिनिटांचं नको, ते आत मुरण्याआधी कडक होतं. ड्रायरने लाकूड कोमट करून लावलं की आपोआप आत ओढलं जातं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, त्याहून चांगला शिकंजा या गोलाईला मिळत नाही.

पोच पडले असतील तर ओलं सुती फडकं आणि गरम इस्त्री, ५ ते १० सेकंद, वाफेने तंतू वर येतात. शेवटी जवसाचं तेल, ‘डबल बॉइल्ड’ म्हणून रंगाच्या दुकानातलं. स्वयंपाकाचं जवस तेल आठवडे चिकट राहतं. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, पुढचे निव्वळ, दिवसाला एकच, १५ मिनिटांनी पुसून कोरडं. सात-आठ हात. नळी बसते त्या खाचेतही आतून लावा, तिथलं कोरडं लाकूड पावसाळ्यात पाणी पितं आणि तुमची ती गंजाची रेघ पुन्हा उगवते. तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा.

चिंदी_चार_बाय_दोन

ठेवण्याबद्दलही लिहितो, नाहीतर पुढच्या ऑगस्टात हाच धागा वर येईल.

ते चामड्याचं कव्हर आठवण म्हणून वेगळं ठेवा, रायफल त्यात कधीच नाही. कमावलेल्या चामड्यात क्षार आणि आम्ल राहतं, वर ते ओल धरून ठेवतं. फोमच्या पेटीचंही तेच. लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीला न चिकटलेलं, आत २५० ग्रॅम निळं सिलिका जेल. रंग उतरून गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, पुन्हा निळं. एक छोटं आर्द्रतामापक ठेवा, काटा ५० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा तेलाचा हात, एरवी तीन महिन्यांनी.

खोबरेल लावू नका. ते चिकट थर धरतं आणि २४ अंशांच्या खाली गोठतं, डिसेंबरात बोल्ट आणि फायरिंग पिन जाम. गाडीतलं वापरलेलं इंजिन ऑइलही नको, त्यात आम्ल असतं. लांब मुदतीसाठी बाहेरून मेण सगळ्यात चांगलं: एक भाग मधमाशीचं मेण, दोन भाग टर्पेंटाइन. मेण गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, आचेवरून उतरवून मग टर्पेंटाइन घाला. पातळ हात, दहा मिनिटांनी चोळून पुसा. तेल ओघळून जातं, मेण जागेवर राहतं आणि बोटांचा घाम पोलादापर्यंत पोचू देत नाही.

उभी ठेवायची तर तोंड खाली, फेल्टच्या तुकड्यावर. नळीच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबू नका, तो ओल ओढतो, आणि विसरला तर पुढच्या बाराला नळी फुटते.

कोथरूडची_नात

उकळण्याच्या दोन फेऱ्या झाल्या. तोंडाजवळचा भाग आता एकसारखा काळा आहे, बाकी नळीपेक्षा थोडा मंद, पण छान. बोल्ट मोकळा झाला. काडतुसं पावती घेऊन जमा केली. दोन प्रश्न राहिले: गनस्मिथकडे नेल्यावर नेमकं काय तपासून घ्यायचं, आणि नंबराचे ते शेवटचे दोन आकडे कसे वाचायचे?

लेथवाला

त्याला सांगा: हेडस्पेस गेजने तपासा. ०.३१५ चं काडतूस कडेच्या रिमवर टेकतं, आणि बोल्टचं तोंड व रिम यात जागा जास्त झाली तर पितळ मागून फाटतं. चेंबरचा साचा किंवा निदान बोअरस्कोपने (नळीत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) चेंबर आणि पुढचे १० सेंमी. बोल्टच्या मागच्या लग्जवर (रिसीव्हरमध्ये अडकणाऱ्या उंचवट्यांवर) चिरा आहेत का, ली-एनफिल्ड मागे लॉक होते, सगळा जोर तिथे येतो. फायरिंग पिनचं टोक गंजून टोकदार झालंय का, तसं असेल तर टोपी फाडते. नळीच्या तोंडाची कड. लाकडाखाली, चेंबरच्या बाहेरच्या बाजूला गंजाचे खड्डे किती खोल, हे खिळा लावून मोजायला लावा, दिसतं त्याहून जास्त असतं. पहिला बार त्यानेच, त्याच्या परवान्याखाली, ताज्या काडतुसाने.

परवाना_मित्र

आकड्यांसाठी घासणं नाहीच. तेलाचा थेंब टाकून दोन दिवस ठेवा, मग बांबूच्या टोकदार काडीने आकड्यांच्या खाचेतला गंज उकरा, फक्त खाचेतला. अ‍ॅसिटोनने पुसून कोरडं करा, त्यावर पांढरा खडू आडवा घासा आणि कोरड्या बोटाने वरचा पुसून टाका. खाचांत खडू भरतो. खोलीत अंधार करून बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि चारी बाजूंनी फोटो घ्या. ३ आणि ८, १ आणि ७ यात चूक होते, म्हणून बोल्टवरच्या नंबराशीही ताडून पाहा.

मग परवान्यावरच्या नंबराशी जुळवा. एक आकडा जरी वेगळा वाटला तरी गनस्मिथकडे नेण्याआधी ते फोटो आणि अर्ज घेऊन परवाना शाखेत जा. नोंद दुरुस्त होईपर्यंत रायफल घराबाहेर काढू नका.